कपाळावर बाराशे लुमेन आणि पाय खड्ड्यात

इंदूरबाहेर, रालामंडलच्या टेकडीजवळून तिल्लोर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानशी पुलिया लागते. तिच्या अलीकडे डांबर खचून एक खड्डा पडला होता. परातीएवढा रुंद, चार बोटे खोल. नोव्हेंबरातल्या एका पहाटे, साडेपाचच्या सुमारास, मी पळता पळता त्यात पाय घातला आणि घोटा मुरगळून घेतला.

खड्ड्यात पाय जाण्याचे कोणाला काही वाटणार नाही. पण त्या वेळी माझ्या कपाळावर बाराशे लुमेनचा कोरा करकरीत हेडलॅम्प होता. रस्ता दिवसासारखा उजळला होता. डांबराची खडी न् खडी दिसत होती, फक्त खड्डा दिसला नाही. आणि माझ्या डाव्या हाताला, चार पावले मागे पळणाऱ्या भाच्याला, ज्याच्या हातात घरातली जुनी बॅटरी होती (आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, तीच), त्याला तो दिसला. "मामा, खड्डा!" असे तो ओरडला तेव्हा मी खाली बसलेलो होतो.

पुढचे तीन आठवडे पाय पाटावर ठेवून बसण्यात गेले. हळदीचा लेप, गरम पाण्याची पिशवी, आणि "या वयात अंधारात पळायला कोणी सांगितलं होतं" हे दिवसातून दोनदा. त्या रिकामपणात मी दिव्यांचा अभ्यास केला. दुकानदाराने मला सांगितले होते त्यापेक्षा गोष्ट बरीच वेगळी निघाली.

आधी अंधाराचे. इंदुरात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. नऊला कामावर पोहोचायचे, त्याआधी दहा-बारा किलोमीटर पळायचे, तर सगळा कार्यक्रम काळोखातच उरकावा लागतो. शहरात खांबांवर दिवे आहेत, पण तिथे मोटारी आणि कुत्री. बायपास ओलांडून गावाकडच्या रस्त्याला लागलो की हवा गोड, रस्ता रिकामा आणि अंधार पक्का. मग दिवा आलाच.

दिव्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लुमेन लिहिलेले असतात. बागेला पाणी घालणाऱ्याला हे लगेच कळेल. नळातून एकूण पाणी किती येते ते लुमेन. पाइपच्या तोंडाशी अंगठा दाबून धार किती जोराने एका दिशेला जाते ते कँडेला. आणि शेवटी कुंडीत प्रत्यक्ष किती पाणी पडले ते लक्स. पळणाऱ्याचे काम कुंडीशी, म्हणजे पायापुढच्या पाच-सहा मीटर रस्त्यावर किती प्रकाश पडतो त्याच्याशी. दुकानात मात्र विकला जातो तो नळ.

शिवाय आपला डोळा हिशेबाला कच्चा आहे. लुमेन दुप्पट केले तर उजेड दुप्पट वाटत नाही, थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. तीनशेच्या दिव्यापुढे बाराशेचा दिवा चौपट वाटेल या आशेने मी पैसे मोजले. वाटला जेमतेम दुप्पट.

खोक्यावरचा दुसरा आकडा अंतराचा. "२०० मीटर" वाचून वाटते की दोनशे मीटरवरचे सगळे लख्ख दिसणार. हे अंतर मोजण्याची प्रमाणित रीत अशी आहे की जिथे प्रकाश कमी होत होत पाव लक्सवर येतो, तिथवरचे अंतर मोजायचे. पाव लक्स म्हणजे साधारण निरभ्र रात्रीचे पौर्णिमेचे चांदणे. म्हणजे दोनशे मीटरवर तुम्हाला चांदणे मिळणार. अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो, तेव्हा शंभर मीटरवर एक लक्स आणि पन्नासवर चार. आकडा खोटा नाही, पण तो आपल्या कामाचाही नाही.

तिसरा आकडा तासांचा, आणि इथे माणूस खरा फसतो. दिवा किती तास चालतो हे मोजताना तो सुरुवातीच्या प्रकाशाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. "४०० लुमेन, ४० तास" याचा अर्थ चाळिसाव्या तासाला चाळीस लुमेन. मधल्या काळात तो हळूहळू मंदावला की पहिल्याच तासात कोसळला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. प्रखर दिव्यांचे तर आणखी एक आहे. एलईडी तापते, आणि ती जळू नये म्हणून आतले सर्किट काही मिनिटांत प्रकाश आपोआप कमी करते. माझे बाराशे लुमेन बायपासपर्यंतही टिकत नसावेत.

मग लागतात तरी किती? सहा मिनिटांत एक किलोमीटर हा बऱ्यापैकी वेग धरला तर सेकंदाला पावणेतीन मीटर होतात. काहीतरी दिसले, डोक्यात शिरले, पाय बाजूला टाकला, याला दोन सेकंद द्या. म्हणजे पुढचे सहा मीटर नीट दिसले की पुरे, उतारावर आठ-नऊ. एवढ्या टापूसाठी १५० ते २०० लुमेन, पसरट झोताचे, भरपूर झाले. डांबरी रस्त्यावर मी आता शंभरातही पळतो.

आता तो खड्डा. हा सगळा लेख खरे तर त्याच्यासाठीच लिहितो आहे.

खड्डा आपल्याला दिसतो कसा? खड्ड्याच्या आतले डांबर आणि बाहेरचे डांबर एकाच रंगाचे. दिसते ती कडेची सावली. सकाळी सूर्य तिरपा असतो तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो, आणि भर दुपारी तोच रस्ता सपाट वाटतो, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. हेडलॅम्पची अडचण अशी की तो डोळ्यांच्या अगदी वर, दोन-तीन बोटांवर बसतो. जिथून प्रकाश जातो, जवळपास तिथूनच आपण पाहतो. जी जागा दिव्याला दिसत नाही, म्हणजे जिथे सावली पडते, ती आपल्या डोळ्यालाही दिसत नाही. सावली पडते, पण बरोबर कडेच्या आड लपून.

घरी करून पाहा. रात्री खोलीतले दिवे घालवा, फरशीवर लाटणे आडवे ठेवा, चार-पाच पावले मागे उभे राहा. मोबाइलची लाइट कपाळाला टेकवून पाहा. लाटणे दिसेल, पण फरशीवर चितारल्यासारखे चपटे. आता डोळे न हलवता हात खाली कमरेपर्यंत न्या. लाटण्याच्या मागे काळी पट्टी सरसर लांबत जाईल आणि ते जमिनीवरून उठून बसेल. माझ्या बहिणीने हे पाहून "अगं बाई!" म्हटले आणि मग विचारले की लाटणे धुणार कोण.

आकड्यांत मांडू. पाच सेंटिमीटर खोल खड्डा, सहा मीटर पुढे. दिवा आणि डोळा दोन्ही १.६ मीटर उंचीवर असतील तर अलीकडच्या कडेची सावली खड्ड्याच्या तळाशी सुमारे १९ सेंटिमीटर लांब पडते, आणि नेमके तेवढेच १९ सेंटिमीटर डोळ्यालाही कडेआड झाकलेले असतात. हाती शून्य. दिवा कमरेला, ९० सेंटिमीटर उंचीवर आणला की सावली ३३ सेंटिमीटर होते. त्यातली १९ लपलेली, उरलेली १४ डोळ्यापुढे. अर्ध्या वितेहून रुंद काळी रेघ, "इथे पाय टाकू नकोस" म्हणणारी. भाच्याच्या हातातली बॅटरी कमरेजवळच हलत होती, म्हणून शंभर-दीडशे लुमेनमध्ये त्याला जे दिसले ते मला बाराशेत दिसले नाही. उलट माझा झोत जितका प्रखर, तितकी बारीकसारीक सावली धुऊन निघाली असणार.

म्हणून आता माझा मुख्य दिवा कमरेच्या पट्ट्यावर असतो. खास कमरेचे दिवे मिळतात, पण मी पळताना किल्ल्या ठेवायच्या पाऊचला एक क्लिपचा दिवा लावला आणि काम भागले. दोन गोष्टी पाहाव्या लागतात. झोत आडवा पसरट हवा, आणि पट्टा गच्च हवा, नाहीतर प्रत्येक पावलाला उजेड वरखाली होतो आणि अर्ध्या तासात बोट लागल्यासारखे मळमळते. हातातली बॅटरी याच कारणाने मला नको वाटते. हात हलतो तशा सावल्या नाचतात. भाच्याला त्याचे काही वाटत नाही. तो पंचविशीचा आहे.

मग कपाळाचा दिवा टाकूनच द्यायचा का? नाही. तिथे एक मजा आहे. कुत्री, गाई, नीलगाय, बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. तो आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवतो. ते हिरवट-पिवळे चमकणारे डोळे दिसायचे असतील तर पाहणाऱ्याचा डोळा दिव्याच्या अगदी जवळ हवा. म्हणजे जो दोष खड्ड्यासाठी, तोच गुण जनावरासाठी. कमरेच्या दिव्यात मला झुडपाशेजारी बसलेला कुत्रा दिसत नाही. कपाळावरचा छोटा दिवा चालू केला की पन्नास पावलांवरून दोन टिकल्या चमकतात आणि मी वेग कमी करतो. रालामंडलसारख्या अभयारण्याच्या कडेने, जिथे होळकर कधीकाळी शिकारीला येत, तिथे ही माहिती आधी मिळालेली बरी. गवतातले कोळीसुद्धा चमकतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा दव समजून जवळ गेलो, तर दव चालायला लागले.

सापाच्या डोळ्यांत असा आरसा नसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या उबदार रात्रींत मण्यार, घोणस रस्त्यावर येतात, ती दिसली तर सावलीनेच दिसतात. तिथे पुन्हा कंबर.

माळव्याच्या रस्त्यांचा आणखी एक स्वभाव आहे. आपली माती काळी. सोयाबीन निघाले की ट्रॉल्यांच्या चाकांनी तिचे थर डांबरावर येतात. काळ्यावर काळे. असा पृष्ठभाग आलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकतो. त्यात पाऊस झाला तर पाण्याचा पापुद्रा आरशासारखा वागतो, झोत पुढच्या पुढे उडवून लावतो, तुमच्याकडे परत येतच नाही. तुम्हाला वाटते बॅटरी उतरली. इथे लुमेन वाढवून फरक थोडाच पडतो, वेग कमी करून जास्त पडतो. दिव्याचा रंगही मोजावा. निळसर पांढरा प्रकाश, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला, दुकानात झगमगीत वाटतो. पण चिखल, शेण आणि डांबर यांतला फरक माझ्या डोळ्यांना ४०००-४५०० च्या किंचित पिवळसर प्रकाशात जास्त कळतो.

धुके, धूळ आणि किडे यांचा प्रश्न एकत्रच घेतो, कारण उत्तर एकच आहे. डोळ्यांसमोरच्या हवेत जे काही तरंगते ते कपाळावरच्या दिव्यात उजळून थेट डोळ्यांत येते आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा खाली असला की भिंत खाली राहते आणि तुम्ही तिच्यावरून पाहता. ऑगस्टमधले पंखवाले किडेही मग तोंडात जाण्याऐवजी पोटावर आपटतात. थंडीत उघड्या तोंडाने श्वास सोडला की स्वतःच्याच वाफेनेसुद्धा हेडलॅम्प आंधळा होतो, हे एकदा करून बघा.

इथवर झाले ते आपल्याला दिसण्यासाठी. दुसऱ्याला आपण दिसणे हे निराळे काम आहे आणि त्याला निराळी वस्तू लागते. अंगावरचा एकच दिवा दोन्ही करेल ही समजूत चुकीची, आणि माझ्या मते खड्ड्यापेक्षा जास्त धोक्याची.

साठच्या वेगाने येणारी मोटार सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. चालकाला कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत पंचवीस मीटर गेले, थांबायला आणखी वीसेक. म्हणजे त्याला तुम्ही किमान पंचेचाळीस-पन्नास मीटरवरून कळायला हवे. डिपरवर असलेल्या गाडीला गडद कपड्यांतला माणूस एवढ्या लांबून दिसेलच याची खात्री नाही. फ्लोरोसंट पिवळा टीशर्ट दिवसा डोळ्यांत भरतो, कारण तो सूर्यातले अतिनील किरण घेऊन दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. रात्री सूर्य नाही, म्हणून तो नुसता फिकट टीशर्ट.

काम करते ते रेडियम. ट्रॉलीच्या मागे, नंबरप्लेटवर चिकटवतात ते. नावात रेडियम असले तरी त्यात रेडियमचा कणही नसतो. असतात ते काचेचे बारीक मणी किंवा इवलेसे लोलक, जे हेडलाइटचा प्रकाश वळवून पुन्हा त्या गाडीकडेच धाडतात. कुत्र्याच्या डोळ्यांसारखेच. त्यामुळे ते शेजाऱ्याला मंद दिसते आणि चालकाला भकभकीत. उलट बाजूही तीच. ज्या वाहनाला दिवाच नाही, आणि पहाटे आपल्याकडे अशा सायकली आणि बैलगाड्या निघतात, त्याच्यापुढे रेडियम निकामी.

ते लावायचे कुठे, हे शिकण्यासारखे आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार योहानसन यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग मांडला. माणसांच्या सांध्यांवर ठिपक्याएवढे प्रकाशबिंदू लावले आणि बाकी सगळे काळोखात ठेवले. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना नुसते ठिपके दिसले. तो चालायला लागताच क्षणार्धात कळले की हा माणूस आहे. छातीवरची मोठी पट्टी लांबून मैलाचा दगडही असू शकते. घोट्यांवरच्या दोन पट्ट्या वरखाली झाल्या की चालकाचे डोके विचार न करता "माणूस" म्हणते. म्हणून घोटे आधी, मग मनगटे, जाकीट नंतर. मी नंबरप्लेटवाल्याकडून वीतभर तुकडे घेतले आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांवर शिवले. तो म्हणाला, "भिया, गाड़ी कहाँ है?"

पाठीमागे लाल दिवा लावाच. लुकलुकणारा दिवा लक्ष पटकन वेधतो, पण तो किती लांब आहे आणि कोणत्या बाजूला सरकतो आहे याचा अंदाज त्याने नीट येत नाही. म्हणून मी पाठीवर एक स्थिर आणि पाऊचला एक लुकलुकता असे दोन लावतो. आणि पळायचे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे. सुगीच्या दिवसांत एकडोळे ट्रॅक्टर येतात. एकच हेडलाइट पाहून मोटरसायकल समजून मी एकदा पाव रस्ता दिला आणि मागची ट्रॉली कोपराला वारा लावून गेली. आता एक दिवा दिसला की साइडपट्टीच्याही खाली उतरतो.

समोरच्याने अप्पर मारला तर त्याच्या दिव्यात पाहू नका, रस्त्याच्या आपल्या कडेवर नजर ठेवा आणि एक डोळा मिटून घ्या. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात, ती कमाई तीन सेकंदांत जाते. मिटलेल्या डोळ्याची शिल्लक राहते. तुमचाही दिवा कोणाच्या डोळ्यांत जाऊ नये. दूधवाल्याला आंधळा करून आपण सुरक्षित होत नाही.

दोघांनी पळताना एक अडचण येते जी मला कोणी सांगितली नव्हती. मागच्याच्या कपाळावर दिवा असला की तुमची स्वतःचीच सावली तुमच्या पायांपुढे पडते आणि नेमकी पाऊल टाकायची जागा काळी होते. वाहन नसेल तेव्हा शेजारी शेजारी पळावे, असेल तेव्हा मागच्याने दिवा कमी करावा. आणि भाच्याला पुरतो तो दिवा मामाला पुरत नाही, हे मामाने मान्य करावे. वयानुसार बाहुली कमी उघडते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण तिसरा हिस्सा प्रकाश पोहोचतो. चकाकीचा त्रास मात्र वाढतो. दिवा मंद चालत नाही आणि प्रखरही सोसत नाही, अशी आमची अवस्था.

बॅटरीचे थोडक्यात. १८६५० नावाचा सेल बहुतेक चांगल्या दिव्यांत असतो. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. ३००० एमएएचच्या सेलमध्ये सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा मावते. २०० लुमेनला अंदाजे दोन वॅट लागतात, म्हणजे पाच तास, नुकसान धरून साडेचार. बाराशेला तोच सेल तासभरही पुरणार नाही. जेल रोडवर फिरताना ९९०० एमएएच छापलेला सेल कोणी दाखवला तर हसून पुढे जावे. एवढी क्षमता त्या आकारात मावतच नाही. पाण्यासाठी आयपीएक्स४, म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारा, इतके पुरते. दिवे मरतात ते पावसाने कमी आणि चार्जिंगच्या भोकावरचे रबर नीट न दाबल्यामुळे घामाने जास्त.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी घोट्यांचे रेडियम आणि मागचा लाल दिवा, मग कमरेचा पसरट झोताचा, आणि शेवटी कपाळाचा, तोही हलका, पन्नास-साठ ग्रॅमचा. भाच्याने हे ऐकले आणि कमरेचा दिवा घेतला. तिल्लोरहून परतताना आम्ही पोह्यांच्या गाडीपाशी थांबलो तेव्हा तो बंद करायचे विसरला होता. पोहेवाला कढईवरून वर न पाहता म्हणाला, "भिया, पेट का बल्ब बुझा दो, जलेबी दिख नहीं रही."

बाराशे लुमेनचा तो हेडलॅम्प आता बहिणीकडे असतो. लाइट गेली की ती तो लावून माळ्यावर चढते.